सतरा नंबरचा जोड

फाटकावरच्या पहारेकऱ्याने अखंडबाईंची पिशवी टेबलावर रिकामी केली आणि आतून निघालेल्या वस्तू ओळीने मांडल्या. बॅटरी, भिंग, पितळी तारांचा ब्रश, चष्म्याचं घर, दोन केळी आणि दोरीने बांधलेली एक जाडजूड फाइल. त्याने ब्रश उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला.

“हा आत नेता येणार नाही.”

“का बरं? ह्याने मी रॉकेट पाडणार आहे?”

पहारेकरी नवा होता. ह्या आवारात हा विनोद करायचा अधिकार एकाच बाईला आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारी उभी असलेली भाची मात्र चपापली. तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं, वेल्डिंग विभागाचं नाव दाखवलं आणि ब्रशची जबाबदारी स्वतःच्या सहीने घेतली. केळी कोणी अडवली नाहीत.

बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी छत्तीस वर्षं त्या इथे वेल्डर होत्या. माणसाच्या उंचीची रॉकेटं दोघांनी खांद्यावरून न्यायची आणि ती वर जाऊन नुसता वारा मोजून खाली पडायची, त्या काळापासूनच्या. मग रॉकेटं वाढली. द्रव इंधन आलं, द्रव म्हटलं की टाकी आली आणि टाकी म्हटलं की जोड आला. टाकीवर घुमट बसवून शेवटचा गोल जोड घालायचं काम एकाच माणसाकडे असे. टाकी रुळांवर संथ फिरत राही. वेल्डरने जागचं हलायचं नाही. पायाखालचं पेडल दाबलेलं असलं की धातू वितळवणारा विजेचा आर्क जळतो, पाय उचलला की विझतो. तेव्हा जिथे पेटवला तिथेच पुन्हा येईपर्यंत, चांगला पाऊण तास, पाय उचलायचा नाही. मध्ये थांबलं तर तिथे खळगा पडतो, आणि तसंच पुढे गेलं तर तो खळगा आतल्या आत झाकला जातो. म्हणून थांबलात तर सांगायचं, तेवढा भाग घासून काढायचा आणि पुन्हा करायचा. सांगण्यात काही कमीपणा नव्हता. पण बाईंवर तशी वेळ कधी आली नाही, म्हणून त्यांना अखंडबाई हे नाव पडलं.

आधी ते कौतुकाने घेतलं जाई. सत्तावीस वर्षांपूर्वी मोठं रॉकेट उडालं आणि एकशे बाराव्या सेकंदाला समुद्रात पडलं, तेव्हापासून त्याच नावाचा सूर बदलला. समितीने लिहिलं, की टाकीचा गोल जोड बहुधा उसवला. समुद्राच्या तळाला गेलेल्या टाकीला कोण विचारायला जाणार? त्या एका ‘बहुधा’पायी बाईंना टाक्यांवरून काढलं आणि शिड्या, कठडे, सामानाच्या गाड्या वेल्ड करायला बसवलं. त्यांनी तेही काम मान वर न करता केलं, आणि दर वर्षी एक पत्र लिहिलं. फाइलमध्ये सत्तावीस पत्रांच्या प्रती होत्या. उत्तरं अकरा आली होती, अकराही एकाच साच्यातली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. बाईंचा तर सुंभही जळायला तयार नव्हता.

आणि मागच्या महिन्यात मच्छीमारांच्या जाळ्यात एक वाकडातिकडा पत्रा आला. त्याच्या कडेला सतराचा आकडा ठोकलेला होता. इथे प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकतो. सतरा हा बाईंचा.

“मला एवढंच बघायचंय,” आतल्या रस्त्याने चालताना बाई म्हणाल्या. “जोड धड आहे आणि पत्रा फाटलाय. एवढं ह्या डोळ्यांनी बघितलं की मी मोकळी.”

“दिसेल गं मावशी.”

भाची बाईंच्याच हाताखाली शिकली होती. बाईंच्या घरामागे भंगाराच्या तुकड्यांवर तिने पहिले जोड घातले, आणि त्यातले पहिले शंभर बाईंनी हातोड्याने तोडून दाखवले. आता पुढच्या महिन्यात नव्या रॉकेटच्या टाकीचा गोल जोड तिच्याकडे येणार होता.

वेल्डिंगच्या शेडवरून जाताना बाईंची पावलं मंदावली. दारावर तीच लाल पाटी टांगलेली होती. पाटी लाल बाजूने असली की आत जायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचंसुद्धा बाहेर जाऊन.

“इथेच उस्ताद नाचले होते.”

“ठाऊक आहे,” भाची हसली. “टोप्या उडवल्या.”

“तुला ऐकून ठाऊक. मी बघितलंय. ज्या माणसाने मुलाच्या लग्नात पाय हलवला नाही तो माणूस!”

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. टेकडीपलीकडच्या चाचणीच्या ओट्यावर नवं इंजिन तीनदा फुटलं होतं. चौथ्या खेपेला ते पेटलं तेव्हा जमीन हादरत होती आणि शेडमधल्या भोंग्यावरून एकेक सेकंद मोजला जात होता. शंभर झाले, दीडशे झाले, दोनशे झाले, आणि भोंगा ओरडला, “पूर्ण जळालं!” उस्ताद, म्हणजे शेडचे प्रमुख, रडत रडत नाचले.

“आणि तू हातमोज्यांसकट टाळ्या वाजवल्यास.”

“धप, धप. आवाजच होईना. माझं मलाच हसू आलं.” बाई आताही हसल्या. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता असं विचारलं, की त्या लग्न, मुलं वगैरे काही न सांगता हाच दिवस सांगत, आणि तेही नवऱ्यादेखत.

कोपऱ्यातल्या गोदामाचं दार उघडं होतं. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर तो पत्रा ठेवला होता, पलंगाएवढा, पांढरट, खपल्या धरलेला. तरुण अभियंता वही घेऊन उभा होता. रॉकेट पडलं तेव्हा तो पाळण्यात असेल. आणि भिंतीशी खुर्चीवर, काठी गुडघ्यांत धरून, सावलीमास्तर बसले होते.

बाई दारातच थांबल्या. हे इथे असतील असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सावलीमास्तर एक्स-रे विभागातले. टाकीच्या गोल जोडाच्या अठ्ठेचाळीस फिल्म काढत, आणि त्या टाकीच्या एकतिसाव्या फिल्मवर त्यांना एक पुसट सावली दिसली होती. त्यांनी तसं सांगितलं. बाई चवताळून म्हणाल्या, सावली तुमच्या फिल्मवर आहे, माझ्या जोडात नाही. फिल्म नीट धुवायला शिका. पुन्हा फिल्म काढायला वेळ नव्हता. उस्तादांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, “सतरा नंबरचा जोड आहे ना? मग काय बघायचं!” मास्तरांनी सही केली. पुढे समितीने त्यांना विचारलं, दिसलं होतं तर सही का केली? उरलेली नोकरी त्यांनी ओळखपत्रांचे फोटो काढण्यात घालवली. दोघं एकाच वसाहतीत राहत. मास्तर वाण्याकडे दिसले की बाई औषधाच्या दुकानात शिरत, आणि गरज नसताना तिथल्या काट्यावर वजन करून घेत. सत्तावीस वर्षांत एक शब्द नाही.

“बाई आल्या वाटतं,” मास्तर अभियंत्याला म्हणाले.

“त्यांना सांगा, आल्या,” बाईही अभियंत्यालाच म्हणाल्या.

अभियंत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि घसा खाकरला.

“प्रयोगशाळेने तपासलंय. पण मिठाने इतकं खाल्लंय की त्यांना खात्रीने काही सांगता येत नाही. अनिर्णित म्हणतात. म्हणून म्हटलं, ज्यांनी हा जोड घातला आणि ज्यांनी तो तपासला, त्यांना विचारावं. नवी टाकी ह्याच पद्धतीने जोडायची की नाही, हे आम्हाला महिन्याभरात ठरवायचंय.” मग त्याने वहीतून एक कागद काढला. “आणि बाई, पत्रा फाटला असेल तर जुना अहवाल दुरुस्त होणार. तुमच्या नावासकट. तशी लेखी मंजुरी घेऊन ठेवलीये मी.”

सत्तावीस पत्रांत बाईंनी हेच मागितलं होतं. त्यांनी फाइल भाचीकडे दिली, बाह्या सारल्या आणि ब्रश उचलला.

खपली सुटायला वेळ लागला. बाई घाई करत नव्हत्या. एका लयीत, एकाच दिशेने त्या घासत राहिल्या, आणि पांढऱ्या भुकटीखालून हळूहळू जोड वर आला. एकावर एक चढलेल्या बारीक, सारख्या लाटा. माणसाला आपलं अक्षर ओळखू यावं तसा वेल्डरला आपला जोड ओळखू येतो. बाईंचा ऊर भरून आला. हे आपणच केलं होतं, आणि चांगलं केलं होतं.

“बघ,” त्या भाचीला म्हणाल्या. “वीतभर बघ. एक लाट दुसरीपेक्षा मोठी दाखव मला.”

“नाहीये.”

“म्हणूनच सांगते, पत्रा.”

फाटलेली कड जोडाच्या अगदी शेजारून धावत होती. बाई तिच्या मागोमाग सरकत गेल्या. अर्ध्या हातावर कड वळून जोडातच शिरली होती. तिथे त्यांनी पुन्हा ब्रश चालवला, भुकटी फुंकली आणि भिंग धरलं.

लाटा तिथे थांबल्या होत्या. शेवटची लाट इतरांपेक्षा मोठी, गोलसर होती आणि पुढची तिच्या अंगावरून नव्याने सुरू झाली होती. त्या दोहोंच्या मध्ये, फाटलेल्या कडेत, एक काळसर खळगा होता. फाटण्याच्या रेषा त्या खळग्यातून निघून दोन्ही बाजूंना पसरल्या होत्या.

बाईंनी भिंग पुसलं आणि पुन्हा धरलं. बॅटरी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. खळगा होता तिथेच होता.

मग नकळत बाईंचा उजवा पाय जमिनीवरून किंचित उचलला गेला आणि पुन्हा टेकला.

टाळ्या हातमोज्यांसकट वाजवल्या होत्या. हातमोजे अंगावर होते, कारण ह्याच जोडाचं काम चालू होतं. पाऊण तास न थांबल्याची गोष्ट आणि टाळ्यांची गोष्ट, दोन्ही त्यांनी हजार वेळा सांगितल्या होत्या. फक्त एकापाठोपाठ एक अशा कधी सांगितल्या नव्हत्या. भोंगा ओरडला, मुखवटा वर गेला, पाय उचलला गेला. चार-पाच सेकंद फार तर. मग सवयीने मुखवटा खाली, पाय पेडलवर, आर्क पुन्हा पेटला आणि टाकी फिरत राहिली. हाताने चुकलं ते हातानेच सावरून घेतलं, डोक्यापर्यंत बातमी गेलीच नाही. निदान बाईंना तसं वाटत होतं. पण मास्तरांनी सावली म्हणताच आपण एवढ्या का चवताळलो होतो, हेही त्यांना ह्याच क्षणी कळलं, आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

भाची वेल्डर होती. तिने जोड पाहिला होता आणि मावशीचा पायही पाहिला होता.

“सगळं खारलंय, सर,” ती भरभर म्हणाली. “ह्यावरून काही कळण्यासारखं नाही. पत्राच असणार.”

अभियंत्याने पेन टेकवलं. “म्हणजे पत्रा लिहू?”

“काय दिसतंय?” भिंतीकडून मास्तरांनी विचारलं. ते कोणालाच उद्देशून बोलत नव्हते. “माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं. समोरचं कोणीतरी सांगावं लागतं.”

गोदामात खळग्याबद्दल बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. प्रयोगशाळेला तो कळला नव्हता, अभियंत्याला दिसला नव्हता, भाची बोलणार नव्हती, आणि ज्या एका माणसाने तो वेळेवर पाहिला होता त्याला आता दिसत नव्हतं. फाइल भाचीच्या काखेत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तर अजून मुठीत होता.

बाईंनी बॅटरी बंद केली. त्या मास्तरांच्या खुर्चीपाशी गेल्या आणि थेट त्यांच्याशीच बोलल्या.

“सावली आहे.”

मास्तरांची काठी गुडघ्यांत हलली.

“कुठे?”

“एकतिसाव्या फिल्मच्या जागी. मोजलं नाही मी. पण तिथेच असणार.”

“केवढी?”

“तांदळाच्या दाण्याएवढी.”

“उभी की आडवी?”

“आडवी.”

मास्तरांनी मान हलवली. “रजिस्टरला मी आडवीच लिहिली होती.” त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. “फिल्म मी नीट धुवायचो.”

“हो,” बाई म्हणाल्या. “नीट धुवायचात.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून काही फरक पडणार नव्हता, पण त्यांनी तो दोन्ही बाजूंनी नीट पुसला.

अभियंता गोंधळून गेला होता. “बाई, तुम्हाला नक्की खात्री आहे? प्रयोगशाळा म्हणते...”

“हा जोड प्रयोगशाळेने घातला नव्हता. मी घातला होता. लिहून घ्या.” बाईंचा आवाज शेडमध्ये काम सांगताना असायचा तसा झाला. “जोड सतरा नंबरचा. मध्ये आर्क विझला. वेल्डरने पुन्हा पेटवला. घासलं नाही, सांगितलं नाही. तिथूनच फाटलं.”

“शेवटच्या वाक्यात ‘बहुधा’ घालू?”

“नको. ते एकदा घातलं होतं तेवढं पुरे झालं.”

त्याने लिहिलं. मग वर पाहून विचारलं, “वेल्डर का थांबली? कारण लिहावं लागेल.”

बाईंनी भाचीकडे पाहिलं. भाची खाली बघत होती.

“टाळ्या वाजवायला,” बाई म्हणाल्या.

अभियंत्याचं पेन कागदावर तसंच राहिलं. मास्तरांच्या मात्र लक्षात आलं. त्या दिवशी टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या, सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.

“इंजिनाच्या दिवशी,” ते हळू आवाजात म्हणाले. “अरे देवा.”

“त्या शेडमध्ये भोंगा अजून आहे?” बाईंनी भाचीला विचारलं.

“आहे. हरवलेल्या किल्ल्या सांगतात त्यावर. वाढदिवस सांगतात.”

“चल.”

वेल्डिंगच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी होती. नव्या टाकीचे दोन भाग आच्छादनाखाली रुळांवर होते. भोंगा जुन्या जागीच होता, वेल्डरच्या स्टुलाच्या बरोबर वर, भिंतीवर उंच. चाळीस वर्षांत त्याला फक्त रंग लावला गेला होता. अभियंता मागोमाग आला, आणि त्याच्या दंडाला धरून मास्तरही.

“बाई, हा भोंगा असा काढता येणार नाही. प्रशासनाची परवानगी लागेल. अर्ज करावा लागेल.”

“मी सत्तावीस अर्ज केलेत,” बाई म्हणाल्या. “अर्जाचं मला शिकवू नका. दारावरची लाल पाटी माणसांना वाचता येते. ह्याला कोण वाचून दाखवणार?”

अभियंता भोंग्याकडे पाहत राहिला. मग त्याने वही खिशात घातली आणि कोपऱ्यातली शिडी स्वतःच ओढून आणून भिंतीला लावली.

भाचीने खिशात पेचकस घातला. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना तिला शिडीच्या अंगावर ठोकलेला आकडा दिसला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“मावशी, सतरा नंबर आहे. डोळे मिटून चढते.”

“उतर,” बाई म्हणाल्या.

भाची उतरली.

“नंबर बघून चढायचं नाही. जोड बघ. एकेक पायरी बघ, मग चढ.”

“तू घातलेत हे.”

“म्हणूनच.”

भाची शिडीपाशी वाकली. भिंतीच्या बाजूला अंधार होता. बाईंनी बॅटरी लावली, पण दुसऱ्या हाताने शिडी धरताना उजेड एका जागी राहीना. मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात पुढे केला.

“बॅटरी मी धरतो. कुठे धरू तेवढं सांगा.”

“खालून दुसरी पायरी,” बाई म्हणाल्या. “थोडी डावीकडे. अजून थोडी. हां, तिथेच.”

भाचीने भिंग डोळ्याला लावलं आणि दुसऱ्या पायरीपासून तपासायला सुरुवात केली.